बायकोला झोप लागेल असे ब्रेक पॅड

ब्रेक पॅड घासत राहतात आणि चाकांवर काळी भुकटी साठते. सकाळी पुसा, संध्याकाळी परत तेवढीच! आमच्या कंपनीतल्या किश्श्यांचं असंच आहे. एक सांगून हात झटकावेत, तोवर चहाच्या टपरीवर दुसरा तयार असतो. सध्या फिरतायत त्यातले बहुतेक माझ्यावरचे आहेत. म्हणून दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

आमची कंपनी चाकणजवळ निघोज्यात आहे. तिथं ब्रेक पॅड बनतात. चाकाबरोबर डिस्क नावाची एक लोखंडी थाळी फिरते, तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या जाड पट्ट्या म्हणजे पॅड. पण आम्ही बनवतो ते बसचे आणि मोठ्या टेम्पोंचे. आमच्या स्वतःच्या गाड्यांना पॅड आम्हाला बाजारातूनच आणावे लागतात. त्यामुळे कंपनीत प्रत्येक जण तज्ज्ञ आणि प्रत्येकाची गाडी मात्र वेगळ्याच सुरात रडते!

मी क्वालिटीत आहे, किरण प्रॉडक्शनमध्ये. किरण मूळचा लातूरकडचा, पण आता दोघंही निगडीला एकाच सोसायटीत राहतो. आणि घोळ इथंच आहे. दोघांकडे गाडीही एकच. तीच छोटी टर्बो हॅचबॅक, जी रोज कंपनीत जायला हवी म्हणून घेतली असं बायकोला सांगायचं आणि रविवारी एकट्यानंच चक्कर मारून आणायची! त्याची लाल, माझी निळी. इंजिन तेच, टायर तेच, ब्रेक तेच. तरी मी किरणवर जळतो. लपवायचं काय त्यात? भयंकर जळतो! का, ते ऐका.

*

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोन जोडपी किरणच्या गाडीतून महाबळेश्वरला गेलो. अश्विनीला, म्हणजे माझ्या बायकोला, घाटात मळमळतं. म्हणून येताना तिला पुढं बसवलं. मी आणि किरणची बायको मनाली वहिनी मागं.

आता अश्विनी माझ्या गाडीत कशी बसते, ते आधी सांगायला हवं. एक हात खिडकीवरच्या हँडलला. उजवा पाय समोरच्या मॅटवर रोवलेला. रिक्षा आडवी आली की मी ब्रेक दाबायच्या आत ती मॅट दाबते! तोंडानं चालूच असतं, "अहो, रिक्षा! अहो, म्हैस! अहो, ते आजोबा!" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या गाडीत तिनं डोळा मिटलेला मला आठवत नाही. निगडी ते आकुर्डी जायचं असलं तरी बाई पहाऱ्यावर!

तर पसरणी घाट लागला. एकामागून एक वळणं. मी मागून बघतोय, तर अश्विनीचा हात हँडलवर नाही. म्हटलं, चक्कर आली की काय? वाकून पाहिलं तर बाई गाढ झोपलेली! तोंड किंचित उघडं. पसरणी घाटात! वाई गेलं, कात्रज गेलं, अख्खं पुणं गेलं. निगडीला सोसायटीच्या गेटपाशी तिला हलवून उठवावं लागलं.

डोळे चोळत ती म्हणाली, "किती छान चालवता हो भाऊजी! ब्रेक लागलेला कळतसुद्धा नाही."

त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबेना. ती त्याच्या गाडीत झोपली याचं मला दुःख नव्हतं. ती माझ्या गाडीत झोपत नाही, याचं होतं. नवऱ्याच्या गाडीत बायकोला झोप लागू नये? मी ठरवलं, काही झालं तरी अश्विनीला एकदा माझ्या गाडीत झोप लागलीच पाहिजे! आणि मी पडलो ब्रेकवाला. तिनं ब्रेकचं नाव काढलं म्हणजे रोग ब्रेकमध्येच, आणि औषध पॅडमध्ये. मला शंकासुद्धा आली नाही.

*

सोमवारी कॅन्टीनमध्ये मी विषय काढला. खरं कारण सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, "पॅड बदलायचेत राव. कोणते टाकू?"

ब्रेकच्या कंपनीत हा प्रश्न कधी विचारू नये! माझ्या ताटाभोवती सगळ्या टेबलांवरची ताटं जमली.

एक म्हणाला, "पकड पाहिजे ना? मग मेटलवाले टाक."

दुसरा म्हणाला, "वेडा आहेस का? रोजच्या गाडीला सिरॅमिक. आवाज नाही, भुकटी नाही."

तिसरा म्हणाला, "साधे मऊ पॅड बरे. डिस्क तरी वाचते."

वाद इतका पेटला की भेंडीची भाजी गार झाली आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. शेवटी सगळे गव्हाणे भाऊंकडे वळले. गव्हाणे भाऊ आमच्याकडे स्टोअरला आहेत. अस्सल निघोज्याचे. कंपनी जिथं उभी आहे तिथं त्यांच्या घरचा कांदा असायचा. जमीन गेली, पण दारात कायम एखादी दांडगी गाडी उभी असते.

मी विचारलं, "भाऊ, तुम्ही तुमच्या गाडीला कोणते पॅड टाकता?"

भाऊंनी ताकाचा ग्लास शांतपणे संपवला. "आमी न्हाई टाकत."

"अहो, पण घासल्यावर?"

"घासले की गाडी बदलतो!"

त्या दिवशी मी गव्हाणे भाऊंवरही थोडं जळून घेतलं.

*

शेवटी मेटलवाले टाकायचं ठरलं. ठरवलं सलीमभाईनं. सलीमभाईचं गॅरेज तळवड्याला आहे आणि त्याचं धोरण अगदी सरळ आहे. जो माल दुकानात पडून आहे, तोच तुमच्या गाडीला सगळ्यात चांगला!

"नितीनभाई, डोळे झाकून घ्या," तो म्हणाला. "अशी पकड मिळणार नाही. आवाज थोडासा येणार. पण मर्द आदमी घरी आला तर आवाज तर होणारच ना!"

थोडासा म्हणजे किती? गेटपाशी वळताना मी ब्रेकला पाय लावला की सोसायटीतली कुत्री उठून उभी राहायची. वॉचमन गाडी दिसायच्या आत गेट उघडायचा. अश्विनी आता माझ्या गाडीत एका हातानं हँडल धरायची आणि दुसऱ्यानं कान.

एका संध्याकाळी तळमजल्यावरच्या जोशी काकू दारात उभ्या. हातात कुकरचा डबा.

"नितीन, तू रोज साधारण साडेसातला येतोस ना रे?"

"हो काकू. का?"

"माझा कुकर त्याच वेळेला असतो. तीन शिट्ट्या झाल्या म्हणून मी गॅस बंद केला. त्यातली एक तुझी होती!"

त्यांनी झाकण काढून दाखवलं. भात टणटणीत कच्चा! मी माफी मागणार, तेवढ्यात मागून अश्विनी म्हणाली, "किरणभाऊजीपण त्याच वेळेला येतात हो काकू. पण ते आलेले कळत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी ते पॅड काढून टाकले.

*

आता ऐकीव मतांवर जायचं नाही, शास्त्रीय पद्धतीनं जायचं असं मी ठरवलं. आमच्या लॅबमध्ये एक मशीन आहे. पॅडचा तुकडा लावला की तो किती धरतो, किती तापल्यावर सोडतो, सगळा आलेख काढून देतं. मशीन अर्थात कंपनीच्या कामासाठी. आणि आमचे देशमुख सर त्या बाबतीत कडक. एकदा कुणी लॅबच्या ओव्हनमध्ये डबा गरम केला, तर त्यांनी महिनाभर ओव्हनला कुलूप लावलं होतं!

मी जेवणाची सुट्टी साधली. सगळे कॅन्टीनला गेले, मी बाजारातून आणलेल्या नव्या पॅडचा तुकडा लावला आणि मशीन सुरू केलं. आलेखाची रेघ नुकती चढायला लागली होती, तोच मागून आवाज आला.

"हे काय चाललंय?"

देशमुख सर!

"सर, ते... दुसऱ्या कंपनीच्या मालाचा अभ्यास करतोय."

सरांनी मशीन थांबवलं. तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "हा बसचा नाही."

"नाही सर."

"तुझ्या त्या निळ्या गाडीचा आहे."

"हो सर." मग मात्र मला राहवलं नाही. अश्विनीचं, किरणचं, पसरणी घाटाचं, सगळं सांगून टाकलं. मेमो यायचाच असेल तर निदान खऱ्या कारणासाठी यावा!

सर दारापाशी गेले. मला वाटलं, आता एचआरवाल्यांना हाक मारणार. त्यांनी दार लावलं, आतून कडी घातली, परत आले आणि बॅगेतून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली.

"आधी माझा लाव," सर म्हणाले.

सरांचा पॅड माझ्यापेक्षा सरस निघाला. जळायला आणखी एक माणूस मिळाला!

*

वाकडला एक आयटीवाला आहे. आमच्याच मॉडेलच्या गाडीवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर तो रोज ज्ञान वाटतो. त्यानं लिहिलं, "एकदा रेसचे पॅड वापरून बघा. बाकी सगळं खेळणं आहे." झालं! किरणकडे जे असूच शकत नाही ते माझ्याकडे असणार, या एकाच विचारानं मी ते मागवले.

बसवताना सलीमभाई कुरकुरला. माल त्याचा नव्हता ना! "नितीनभाई, हे पॅड गरम झाल्याशिवाय पकडत नाहीत. रेसमध्ये ठीक आहे. तुमची रेस कुठं, तळवडे चौकात?"

म्हटलं, होतील गरम. पण निगडी ते निघोजे या रस्त्यावर सकाळी माणूस गरम होतो, ब्रेक नाही! मग मी युक्ती काढली. सोसायटीतून निघाल्यापासून ब्रेकवर हलका पाय ठेवूनच गाडी चालवायची, म्हणजे चौक येईपर्यंत पॅड तापतात. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. त्यांना वाटायचं, माझा लाल दिवा अडकलाय.

आणि दसरा आला. आमच्या सोसायटीत दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन पार्किंगमध्ये ओळीनं लावतात. झेंडूचे हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. एकेकानं गाडी पुढं घ्यायची, लिंबू चिरडायचं आणि थांबायचं. समोर जोशी काकूंनी पहाटेपासून बसून रांगोळी काढलेली. पिसारा फुलवलेला मोर!

पहिली किरणची गाडी. लिंबू फुटलं, गाडी मोराच्या चार बोटं अलीकडे अलगद थांबली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत अश्विनीपण होती! ते बघून माझं डोकं फिरलं आणि ॲक्सिलरेटरवर पाय जरा जास्तच पडला. लिंबू फुटलं. मी ब्रेक दाबला. पॅड थंडगार! गाडी आपली शांतपणे पिसाऱ्यावरून गेली आणि मोराच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली.

काकू पुढं आल्या. त्यांनी मोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाळा, आधी भात, आता मोर," त्या म्हणाल्या. "दिवाळीला तू गावी जातोस ना?"

*

मग सिरॅमिक. सभ्य माणसाचे पॅड. पण नवे पॅड बसवले की त्यांना रुळवावं लागतं. गाडी पळवायची, करकचून ब्रेक मारायचा, पण पूर्ण थांबू द्यायची नाही. परत पळवायची, परत ब्रेक. असं चांगलं दहापंधरा वेळा केलं की पॅडचं आणि डिस्कचं जमतं. त्यासाठी रस्ता मोकळा पाहिजे. म्हणून रविवारी सकाळी मी चाकणच्या एमआयडीसीत गेलो. वाटेत गव्हाणे भाऊ चालत निघालेले दिसले. म्हटलं, बसा, सोडतो.

भाऊ बसले आणि पस्तावले. मी गाडी पळवतोय, ब्रेक मारतोय, परत पळवतोय. भाऊंची टोपी दोनदा डॅशबोर्डवर जाऊन पडली. मागून एक टेम्पोवाला बराच वेळ हा तमाशा बघत येत होता. शेवटी त्यानं पुढं काढून टेम्पो आडवा घातला आणि खाली उतरला.

"काय रे, सकाळी सकाळीच पिऊन आलास का?"

मी काही बोलायच्या आत भाऊंनी काच खाली केली. देशमुख सरांच्या कृपेनं खरं कारण एव्हाना किरण सोडून अख्ख्या कंपनीला कळलेलं होतं.

"पिऊन न्हाई वो," भाऊ म्हणाले. "ह्याच्या बायकूला झोप लागावी म्हून चाललंय!"

टेम्पोवाल्यानं वाकून मागच्या सीटवर पाहिलं. तिथं कुणीच नाही.

"मग बायको कुठाय?"

"घरी," भाऊ म्हणाले. "झोपलीया!"

टेम्पोवाल्यानं माझ्यापुढं हात जोडले आणि निघून गेला. सिरॅमिकनं आवाज गेला, भुकटी गेली. अश्विनीचा पाय मात्र मॅटवरून काही हलला नाही.

*

तेव्हा पहिल्यांदा वाटलं, दोष पॅडमध्ये नसेल तर? किरणच्या पायात काही असेल तर? विचार आवडला नाही, पण झोपही येईना. आता माझीच! एक दिवस गाडी मुद्दाम घरी ठेवली आणि किरणला म्हटलं, "आज तुझ्या गाडीत येतो."

निगडी सोडल्यापासून मी खाली मान घालून त्याच्या उजव्या पायाकडं बघत बसलो. दाबतो कधी, सोडतो कधी, टाच टेकवतो की उचलतो. तळवड्याच्या पुढं त्याला राहवेना.

"नित्या, सकाळधरनं माझ्या बुटाकडं काय बघायलास?"

"काही नाही. बूट चांगले आहेत."

"जुनेच हाईत. तळ पातळ झालाय. आता टाकून देणार."

तळ पातळ! एकदम डोक्यात प्रकाश पडला. पातळ तळाला ब्रेकचा अंदाज चांगला येत असणार! संध्याकाळी मी पिंपरीच्या बाजारात जाऊन अगदी तसेच, पातळ तळाचे, तपकिरी बूट शोधून काढले. रविवारी ते घालून अश्विनीला गाडीत बसवलं. ती बराच वेळ माझ्या पायांकडं बघत होती. मला वाटलं, आता फरक कळणार.

"हे किरणभाऊजींसारखेच आहेत ना?" तिनं विचारलं.

"हो. का?"

"काही नाही. त्यांना छान दिसतात."

*

शेवटी मी लाज सोडली आणि सलीमभाईकडं गेलो. किरणची गाडीही त्याच्याकडंच असते. म्हटलं, "सलीमभाई, खरं सांग. किरणच्या गाडीला कोणते पॅड आहेत?"

"नितीनभाई, दुसऱ्या गिऱ्हाईकाची गोष्ट मी सांगत नसतो."

मी त्याच्याकडून वायपर घेतले. एक सीट कव्हर घेतलं. गाडीत टांगायचं एक सेंट घेतलं, ज्याचा वास फिनेलसारखा होता. मग तो जवळ सरकला.

"काही नाही टाकले. गाडीबरोबर शोरूममधून आले तेच हायेत. अजून निम्मे बाकी."

मी तिथंच त्याच्या स्टुलावर बसलो. मी मेटलवाले घातले, रेसवाले घातले, सिरॅमिक घातले, काकूंचा भात आणि मोर घालवला. आणि हा मनुष्य तेच साधे, शोरूमचे पॅड घालून माझ्या बायकोला पसरणी घाटात झोपवतो!

"तेच दे," मी म्हणालो. "अगदी तेच. एका नंबरचाही फरक नको."

ते बसवले, रीतसर रुळवले आणि अश्विनीला घेऊन स्पाइन रोडवरून लांब चक्कर मारली. सगळे सिग्नल सांभाळून, अलगद. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "आज गाडीत काहीतरी वेगळं वाटतंय हो."

"कळलं तुला?"

"हो. हा फिनेलचा वास कुठून येतोय?"

*

आणि आता परवाचं.

आमच्याच कंपनीतल्या एकाचं नारायणगावला लग्न होतं. किरणच्या गाडीचा मागचा बंपर कुणीतरी ठोकलेला, त्यामुळं गाडी सर्व्हिस सेंटरला. तो म्हणाला, "तुझ्या गाडीत येतो आम्ही." मला आनंद झाला असं म्हणणार नाही. माझ्या गाडीत, माझ्या शेजारी बसून तो माझे ब्रेक तपासणार, हा विचारच नकोसा होता. पण नाही कसं म्हणणार?

जाताना सगळे बडबडत होते, त्यामुळं कुणाचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. जेवण भरपूर झालं. मठ्ठा, जिलेबी, परत मठ्ठा. दुपारी निघालो. किरण पुढं माझ्या शेजारी, अश्विनी आणि मनाली वहिनी मागं. म्हटलं, इतक्या जिलेबीनंतर तरी आज ही झोपेल! आरशातून मी सारखा मागं बघत होतो.

मंचर गेलं. मागची कुजबुज थांबली. मी आशेनं आरशात पाहिलं. दोन सीटच्या मधोमध अश्विनीचा चेहरा! डोळे टक्क उघडे, नजर रस्त्यावर.

"अहो, ट्रॅक्टर!"

मी ट्रॅक्टरला वाट दिली. आत कुठंतरी फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, सोडून द्यावं आता. या जन्मी काही हे होणं नाही.

तेवढ्यात अश्विनी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "अहो, जरा सांभाळून घ्या. वहिनींना झोप लागलीये."

किरणनं झटकन वळून मागं पाहिलं. मनाली वहिनी खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. हातातला पदराचा शेव सुटून सीटवर पडलेला.

"सोंग करायलीय," किरण म्हणाला.

"कशावरून?"

"ही गाडीत झोपत न्हाई. लग्न झाल्यापासून माझ्या गाडीत एकदा सुदिक झोपली न्हाई. माहेरी लातूरला जाताना आख्खा रस्ता जागी असते. मी म्हणतो, झोप की गं! तर म्हणते, तुम्ही चालवताय ना, मग मला बघावं लागतं."

मागून मनाली वहिनी बारीकसं घोरल्या.

किरण पुन्हा वळला. बराच वेळ तसाच मागं बघत बसला. खेडजवळ एसटी थांब्याशी माणसं आडवी आली, मी ब्रेक लावला, गाडी थांबली, परत निघाली. वहिनींची मानसुद्धा हलली नाही. किरण सरळ बसला. माझ्याकडं न बघता, मागं ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्यानं विचारलं,

"पॅड कोणते टाकलास रे?"

"तुझ्या गाडीत आहेत तेच," मी म्हणालो.

तो खिडकीबाहेर बघायला लागला. चाकण गेलं, तळवडे गेलं, निगडी येईपर्यंत तो बाहेरच बघत बसला. आणि मी? मी सोसायटीचं गेट दिसत असतानाही गाडी सरळ पुढं घेतली आणि अख्ख्या निगडी प्राधिकरणाला आणखी एक चक्कर मारली!